विलंबाचा हिशेब

खडकवासल्याच्या धरणकाठी राहत्या घरातच ख्यालगायन मुद्रित करू इच्छिणाऱ्या गायकाने, १९९१ साली अवतरलेल्या प्रो टूल्स या ध्वनिमुद्रण-प्रणालीप्रमाणे स्वतंत्र डीएसपी (ध्वनिसंकेतांवर प्रक्रिया करणाऱ्या) कार्डांवर चालणारी खर्चिक यंत्रणा घ्यावी, की केवळ संगणकाच्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवावी, याचा निवाडा मुख्यतः गायलेला स्वर हेडफोनमध्ये परत ऐकू येण्यास लागणाऱ्या विलंबावर होतो. सेकंदास ४८,००० नमुने घेताना १,०२४ नमुन्यांचा बफर, म्हणजे नमुन्यांचा तात्पुरता साठा, भरण्यासच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत ध्वनी हवेतून सात मीटर जातो, आणि आपलाच स्वर हेडफोनमध्ये असा मागाहून येणे, तानपुऱ्याच्या जवारीशी सूर जुळवणाऱ्यास तर खचितच असह्य होते. बफर १२८ नमुन्यांवर आणल्यास हा काळ तीन मिलिसेकंदांखाली येतो, प्रोसेसरवरचा ताण मात्र वाढतो. मायक्रोफोन संगणकास जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसमधूनच, म्हणजे संगणकातला विलंब टाळून, थेट ऐकण्याची तजवीज असल्यास एकट्या गायकाने अशा कार्डांवर द्रव्य वेचू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.