माहेर ते सासर, रमतगमत

आमच्या काकूंचं माहेर वाई आणि सासर सांगली. काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, वय पंचाहत्तर. या वाटेवरून आजवर किती वेळा गेलात, असं एकदा सहज विचारलं, तर म्हणाल्या, "मोजलंय कुणी? बाळंतपणं, लग्नं, मुंजी, आईचं आजारपण, मग अण्णांचे दिवस. पण वाट कुठं पाहिली गं? एसटीत कडेवर पोर आणि मांडीवर पिशवी. सांगलीत उतरेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही."

पाणी का प्यायचं नाही, हे बायकांना सांगायला नको!

भाद्रपदात भाच्याकडे गौरींसाठी त्यांना वाईला घेऊन गेले. महिला मंडळातली माझी मैत्रीण गाडी चालवत होती. "बरोबर बाप्यामाणूस कोण?" काकूंचा पहिला प्रश्न. कोणी नाही म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडल्या. येताना हायवेने तीन-साडेतीन तासांत घरी पोचलो असतो. पण गौरी बोळवल्यावर मीच म्हटलं, "दोन दिवस लावू या. वाट बघत बघत जाऊ."

सुरुवात मेणवलीपासून केली. वाईपासून हाकेच्या अंतरावर नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेली भली मोठी घंटा. काकू घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या. "लहानपणी इथं भातुकली घेऊन यायचो. लग्नानंतर आज पहिल्यांदा आले." माहेर इतकं जवळ, आणि घाट मात्र पन्नास वर्षं लांब!

तिथून हायवेला लागून लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिली. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी आमराईच्या पाण्यासाठी ती बांधून घेतली. विहिरीच्या पोटात चक्क छोटासा महाल आहे. "बाईने बांधली?" काकूंनी दोनदा विचारलं आणि गुडघ्यांची तक्रार विसरून पायऱ्या उतरल्या.

दुपारी साताऱ्याहून कासला चढलो. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. इथं जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर. त्यातच गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, गेंद आणि निळी-जांभळी सीतेची आसवं फुलतात. ही आसवं दिसतात नाजूक, पण मातीत पोषण नाही म्हणून बारीक किडे पकडून जगतात. मैत्रिणीने हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "सीतामाई शहाणी झाली म्हणायची." फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करावी लागते, शुल्कही आहे. एरवी हौशी मंडळी फोटोसाठी फुलांवरच बसतात. तेव्हा हे बंधन बरंच.

मुक्काम साताऱ्यात केला. दुसऱ्या दिवशी रहिमतपूरवरून औंध. यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं संग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रं तिथं आहेतच, पण हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराचं 'आई आणि मूल'ही आहे. काकू त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. याच राजाने १९३९ मध्ये आपणहून प्रजेच्या हाती कारभार दिला. सत्ता सोडणारा माणूस घरातसुद्धा विरळा, हा तर राजा!

औंध सोडल्यावर खटावचा माळ लागतो. महाबळेश्वरला दोनशे इंचांच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला वीस इंचांची मारामार. कागदोपत्री अशी जमीन 'पडीक'. पण आम्ही उतरलो तेव्हा गुडघाभर गवत वाऱ्यावर हलत होतं, चंडोल गात होते आणि लांबवर धनगराची मेंढरं चरत होती. या गवतावर तर त्यांचं पोट. मग पडीक कसं? काकूंच्या लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटली, ती पुढे गाडीत एकेक काढत बसल्या.

आता जुनाच प्रश्न आला. एका स्टँडवर स्वच्छतागृह होतं, पण त्याला कुलूप. शेवटी रस्त्याकडेच्या वस्तीवर गेलो. घरातल्या बाईने न विचारता पाण्याची बादली भरून दिली, वर चहा ठेवला. "देवाला निघालाय व्हय?" "नाही," मी म्हटलं. "मग कुणाचं काय?" काकूंनीच उत्तर दिलं, "कुणाचं काही नाही. नुसतं बघायला." ती बाई हसली. "आमाला कोन नेतंय नुसतं बघायला!"

ते वाक्य मनात घेऊनच सागरेश्वरला पोचलो. इथलं अभयारण्य माणसांनी वाढवलेलं. वृक्षमित्र धो. म. मोहिते यांनी उघड्या डोंगरावर झाडं लावण्याचा ध्यास घेतला. आज तिथं हरणं, सांबरं चरतात. पायथ्याचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ. १२ मार्च १९१३ ला त्यांचा जन्म इथलाच. "म्हणजे त्यांची आईही बाळंतपणालाच आली होती की," काकू म्हणाल्या.

किर्लोस्करवाडीत मात्र काकूंनी स्वतः गाडी थांबवायला लावली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर हा कारखाना उभा केला. आणि १९३० मध्ये इथूनच 'स्त्री' मासिक निघालं. "आई ते उशीखाली ठेवायची. ते इथनं निघालं होतं होय?" कितीतरी वेळा इथून पुढे गेलेल्या काकू ते गाव पहिल्यांदा बघत होत्या.

दिवेलागणीला भिलवडीच्या पुलावरून कृष्णा दिसली. काकू म्हणाल्या, "काल मेणवलीला पाय बुडवले ते हेच पाणी. ही पण माझ्यासारखीच वाईची, सांगलीला आलेली. फक्त ती सगळं बघत बघत येते."

घरी शेजारणीने विचारलं, "काय काम काढलं होतं हो?" काकू ठसक्यात म्हणाल्या, "काही नाही!"

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी काकू, जाऊ, आई असेल. दशम्या-चटणी बांधा, पाणी भरपूर घ्या आणि तिला एकदा काही काम नसताना घेऊन निघा. वाटेत कुलूपबंद स्वच्छतागृह दिसलं, तर आगारात लेखी तक्रार द्या. आम्ही दिली आहे. आणि एक कबूल करते: माळावरच्या त्या बाईला पुढच्या खेपेला बरोबर घ्यायचं, असं काकूंनी परस्पर ठरवून टाकलंय.