चित्रपटाविना खपलेली तबकडी

हिंदी गाणे खपते ते चित्रपटामुळे, हा आपल्याकडचा जुना हिशेब. १९८१ साली निघालेल्या 'डिस्को दीवाने' या ध्वनिमुद्रिकेने तो खोटा पाडला. मागे ना नायक, ना पडदा. गाणारी नाझिया हसन ही कराचीत जन्मलेली, लंडनला वाढलेली जेमतेम १६ वर्षांची मुलगी. साथीला भाऊ झोहेब. तरी तबकडी भारतात आणि पाकिस्तानातही धडाक्याने खपली.

यातले इंगित मला संगीतकार बिड्डू यांच्यात दिसते. हे गृहस्थ मूळचे बंगळूरचे, म्हणजे आमच्या कन्नड विभागाच्या मित्रांना अधिक जवळचे! १९७४ चे 'कुंग फू फायटिंग' त्यांचेच. डिस्कोत ढोलाचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारखा पडतो. ताना-हरकतींना तेथे फारसा वावच नसतो. त्यामुळे नाझियाचा कोवळा, फारसा न घोटलेला आवाज उणा न ठरता उलट शोभला. गाण्याची तालीम घेतलेल्यांना तो पातळ वाटेल, वाटो बापडा.

चित्रपटाचा हात अगदीच नव्हता, असेही नाही. 'कुर्बानी'तल्या (१९८०) 'आप जैसा कोई'ने हा आवाज आधीच घरोघर पोचवला होता. पण ते गाणे पडद्यावर झीनत अमानचे झाले. तबकडी मात्र नाझियाच्याच नावावर विकली गेली.