दोन सेकंदांच्या आवाजाचा मालक कोण?

धातूवर धातू आपटल्याचा दोन सेकंदांचा एक ठोका. या दोन सेकंदांवरून जर्मनीत जो दावा उभा राहिला, तो वीस वर्षांहून अधिक काळ चालला. हॅम्बुर्गची न्यायालये, जर्मनीचे सर्वोच्च दिवाणी न्यायालय, तेथील घटना न्यायालय आणि थेट लक्झेंबर्गचे युरोपीय न्यायालय एवढ्या सर्व पायऱ्या या दाव्याने पाहिल्या. वादी होता क्राफ्टवर्क हा ड्युसेलडॉर्फ शहरातील जगप्रसिद्ध बँड. आमच्या अनेक वाचकांनी हे नाव ऐकले नसेल. परंतु आज वरातीतल्या डीजेपासून सिनेमाच्या गाण्यापर्यंत जो यंत्राचा ठोका वाजतो, त्याच्या मुळाशी जी मोजकी माणसे आहेत त्यांत हे लोक आहेत. म्हणूनच या बँडने कोणाकडून काय घेतले, त्याच्याकडून कोणी काय घेतले आणि शेवटी न्यायालयात काय मागितले गेले, हे तपासणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

पराभूत देशाची मुले

राल्फ ह्यूटर यांचा जन्म १९४६ चा, फ्लोरियान श्नायडर यांचा १९४७ चा. म्हणजे दोघेही नाझी राजवट कोसळल्यानंतर जन्मलेले. या पिढीपुढे एक भयंकर प्रश्न होता. ज्या संस्कृतीच्या नावाने बापजाद्यांनी लाखो ज्यूंना विषारी वायूच्या कोठड्यांत मारले, त्या संस्कृतीतील कोणते गाणे आता तोंडात घ्यायचे? लोकगीते नाझींनी बाटवली होती. राष्ट्रगौरवाची गाणी तर ओठांवर आणणेही लाजिरवाणे झाले होते. उरला तो अमेरिकन आणि इंग्रजी रॉक. त्या काळची बहुतेक जर्मन पोरे त्याचीच नक्कल करीत.

या दोघांनी दोन्ही वाटा नाकारल्या. १९७० साली त्यांनी बँड काढला आणि नाव ठेवले क्राफ्टवर्क, म्हणजे वीजनिर्मिती केंद्र. कारखान्यांचा प्रदेश हीच त्यांची भूमी होती. त्यांनी पुढे उभारलेला क्लिंग क्लांग स्टुडिओ ड्युसेलडॉर्फच्या रेल्वे स्थानकाजवळच होता. गायक म्हणून मिरवण्याऐवजी ते स्वतःला संगीताचे कामगार म्हणवून घेऊ लागले.

मग त्यांनी आधार कोणाचा घेतला? येथे खरी गंमत आहे. हिटलरने जे मोडून टाकले, नेमके तेच त्यांनी उचलले. बाऊहाऊस ही १९१९ साली वायमार येथे स्थापन झालेली कला आणि वास्तुकलेची शाळा. रोजच्या वापराची वस्तूसुद्धा साधी, उपयोगी आणि सुंदर असावी, हा तिचा आग्रह. १९३३ साली नाझींच्या दडपणाखाली ती बंद पडली. तो साधेपणा या बँडच्या संगीतात आणि वेशात उतरला. फ्रिट्झ लांग यांचा १९२७ चा 'मेट्रोपोलिस' हा चित्रपट, ज्यात शहराच्या पोटात कामगार यंत्राला जुंपलेले दिसतात, त्याचे नाव त्यांच्या एका रचनेला मिळाले. १९७८ च्या 'मनुष्य-यंत्र' या संग्रहाच्या वेष्टनावरील रचना एल लिसित्स्की या रशियातील ज्यू चित्रकाराच्या प्रेरणेने केलेली आहे.

संगीतातही असेच. पॅरिसच्या पिएर शेफर यांनी १९४८ सालीच रेल्वेचे आवाज मुद्रित करून त्यांपासून रचना केली होती. कोलोनच्या नभोवाणी स्टुडिओत कार्लहाइन्त्स श्टॉकहाउसेन यांनी विजेवर निर्माण केलेल्या ध्वनीला संगीताचा दर्जा दिला होता. पण हे सारे विद्वानांच्या सभागृहात अडकून पडले होते. क्राफ्टवर्कने ते तेथून काढले आणि त्याला नाचता येईल असा ताल दिला. हा ताल कोठून आला? मंडळातील लोकांनीच जेम्स ब्राऊन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांचे ऋण मान्य केले आहे. तेव्हा ज्याला जग 'शुद्ध जर्मन' संगीत म्हणते, त्याच्या रक्तात पहिल्यापासून काळ्या माणसाचा ठोका आहे. शुद्धतेचा दावा कोणत्याही संस्कृतीने करावा आणि तो तपासात टिकावा, असे आजवर घडलेले नाही!

रस्ता, रेल्वे आणि संगणक

१९७४ साली त्यांचा 'आउटोबान' हा संग्रह आला. आउटोबान म्हणजे जर्मनीचा जलद महामार्ग. त्याच नावाची रचना बावीस मिनिटांहून अधिक लांबीची आहे. तिची छोटी आवृत्ती अमेरिकेच्या नभोवाणीवर वाजली आणि तेथील यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत पोचली. महामार्ग म्हटले की हिटलरचा प्रचार आठवतो. परंतु कोलोन ते बॉन हा रस्ता १९३२ साली, हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच, खुला झाला होता. हुकूमशहाने आपल्या नावावर चढवलेली गोष्ट या पोरांनी सामान्य माणसाच्या सुटीच्या प्रवासाला परत दिली, असे आम्ही समजतो.

१९७७ साली 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' आला. या नावाची गाडी खरोखरच युरोपातील देशांना जोडीत होती. जेथे तीस वर्षांपूर्वी सैन्याच्या आणि मृत्युछावण्यांच्या गाड्या धावल्या, तेथे सीमा ओलांडणाऱ्या गाडीचे गाणे झाले. 'धातूवर धातू' हा तुकडा याच संग्रहातला.

१९८१ चा 'संगणक-विश्व' हा संग्रह तर द्रष्टाच म्हणावा लागेल. घरोघरी संगणक नव्हते तेव्हा या लोकांनी बँका आणि पोलिसी यंत्रणा माणसाची माहिती कशी गोळा करतात, हे गाण्यात आणले. त्या काळात पश्चिम जर्मनीचे पोलीस दहशतवाद्यांच्या शोधासाठी नागरिकांच्या नोंदी संगणकावर चाळत होते. दोनच वर्षांनी, १९८३ साली, जनगणनेच्या प्रश्नावर जर्मन घटना न्यायालयाने निकाल दिला की स्वतःच्या माहितीचे काय व्हावे हे ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे. गाणे आणि कायदा एकाच भीतीतून जन्मले. त्याच १९८१ च्या जगदौऱ्यात या बँडचा कार्यक्रम मुंबईतही झाला होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

ब्राँक्स आणि डेट्रॉइटचे वारसदार

आता वारशाकडे वळू. इंग्लंडमधील डेव्हिड बॉवी, डिपेश मोड, न्यू ऑर्डर यांच्यावर क्राफ्टवर्कचा प्रभाव पडला, हे सर्वच पुस्तके सांगतात. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे वारसदार दुसरे आहेत.

न्यूयॉर्कचा दक्षिण ब्राँक्स हा काळ्या आणि पोर्तो रिकन गरिबांचा भाग. क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे नावाच्या महामार्गाने वस्त्या चिरल्या. नंतर सत्तरच्या दशकात घरे जळत राहिली आणि नगरपालिका पाहत राहिली. ज्या वर्षांत जर्मन पोरे महामार्गावर आनंदाचे गाणे करीत होती, त्याच वर्षांत ब्राँक्समध्ये महामार्ग म्हणजे उद्ध्वस्त वस्ती असा अर्थ होता. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेली तेथील मुले दोन रेकॉर्ड प्लेअर जोडून रस्त्यावर नाच करीत. त्यांतूनच हिप-हॉप जन्मले. १९८२ साली आफ्रिका बम्बाटा आणि त्याच्या साथीदारांनी, निर्माते आर्थर बेकर यांच्यासह, 'प्लॅनेट रॉक' काढले. त्यात 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'ची सुरावट आणि 'संगणक-विश्व'मधील 'नंबर्स'चा ताल नव्याने वाजवून घेतला होता. रोलंड कंपनीचे ८०८ हे तालयंत्र त्यात घुमते. हिप-हॉपची दिशाच त्या रेकॉर्डने बदलली.

डेट्रॉइटची कथा याहून बोलकी आहे. मोटारींची ही राजधानी. १९६७ च्या उठावात येथे त्रेचाळीस माणसे मेली. १९७२ साली मोटाउन ही काळ्यांच्या मालकीची प्रख्यात संगीत कंपनी लॉस एंजेलिसला निघून गेली. कारखान्यांत यंत्रमानव आले आणि कामगारांच्या हाताचे काम गेले. या शहरात 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने नभोवाणीवर बोलणारा निवेदक काळ्या-गोऱ्याची सीमा न पाळता क्राफ्टवर्कची गाणी लावीत असे. ती ऐकून हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तीन शाळासोबत्यांनी जे घडविले त्याला आज जग टेक्नो म्हणते. ड्युसेलडॉर्फच्या सुखवस्तू घरांतील मुलांना मनुष्य-यंत्र हा कल्पनेचा खेळ होता. डेट्रॉइटच्या मुलांना यंत्र म्हणजे बापाची नोकरी खाणारी वस्तू. तीच वस्तू हातात घेऊन त्यांनी तिच्याकडून स्वतःचे गाणे वाजवून घेतले. शोषिताने साधन ताब्यात घेणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे? ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली ज्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेथील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

क्राफ्टवर्कनेही हे ऋण ओळखले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २००० सालच्या हॅनोव्हर प्रदर्शनासाठीच्या त्यांच्या गाण्याची नवी रूपे करण्याचे काम डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या लढाऊ गटालाही देण्यात आले, आणि पुढे त्या गाण्यात डेट्रॉइटचे नाव मानाने आले.

साधन सर्वांचे झाले की कोठेही काहीही उगवते. ज्या १९८२ साली 'प्लॅनेट रॉक' आले, त्याच साली मुंबईचे चरणजित सिंग या सिनेसंगीतातील वादकाने रोलंडचीच यंत्रे घेऊन दहा रागांची डिस्को तालावरील रेकॉर्ड काढली. ती त्या वेळी कोणाच्या खिजगणतीत नव्हती. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले जाणकार थक्क झाले.

न्यायालयात काय घडले?

आता त्या दोन सेकंदांकडे येऊ. १९९७ साली भारतीय वंशाच्या जर्मन रॅपर सब्रिना सेटलुर यांचे 'नूर मीर' हे गाणे आले. निर्माते मोझेस पेल्हॅम यांनी त्यात 'धातूवर धातू'चा सुमारे दोन सेकंदांचा तुकडा मूळ ध्वनिमुद्रणातून उचलून पुन्हा पुन्हा फिरवला. ह्यूटर आणि श्नायडर न्यायालयात गेले.

कायद्याचा मुद्दा नीट समजून घ्यावा. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हे दोन हक्क वेगळेच आहेत. 'प्लॅनेट रॉक'ने सुरावट नव्याने वाजवली. पेल्हॅम यांनी मुद्रित आवाजच घेतला. २००८ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटले की ध्वनिमुद्रणाचा लहानात लहान तुकडासुद्धा निर्मात्याच्या हक्कात येतो. २०१२ साली निकाल पुन्हा बँडच्या बाजूने गेला. परंतु ३१ मे २०१६ रोजी घटना न्यायालयाने तो रद्द केला. हिप-हॉपमध्ये सॅम्पलिंग हे त्या शैलीचे अंगच आहे, मूळ निर्मात्याचे नुकसान किरकोळ असेल तर कलास्वातंत्र्याला मागे सारता येणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. परवाना नाकारला जाऊ शकतो किंवा भरमसाट पैसे मागितले जाऊ शकतात, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. २०१९ साली युरोपीय न्यायालयाने पुन्हा काटा फिरवला. कानाला ओळखू येईल असा तुकडा घ्यायचा तर परवानगी हवी, असे त्याने ठरवले. पुढे जर्मनीने २०२१ साली कायद्यात अनुकरणात्मक कलाकृतीसाठी सवलत आणली आणि २०२३ साली त्या सवलतीच्या अर्थावरून प्रकरण पुन्हा लक्झेंबर्गला गेले. श्नायडर यांचे २०२० साली निधन झाले; दावा मात्र जिवंत राहिला!

आमचे म्हणणे

ह्यूटर यांची बाजू पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. कलावंताच्या श्रमावर दुसऱ्याने फुकट कमवावे हा अन्यायच आहे, आणि तो सर्वांत जास्त गरीब कलावंतावर होतो. परंतु मोबदला मागणे वेगळे आणि बंदीचा अधिकार मागणे वेगळे. मोबदल्याने श्रमाचा सन्मान होतो. बंदीच्या अधिकाराने दार बंद होते, आणि बंद दारातून आत जाण्याची किल्ली फक्त पैसेवाल्या कंपन्यांच्या हाती राहते. ज्याच्याकडे वकील नाही, परवान्याचे पैसे नाहीत, अशा वस्तीतल्या मुलाने काय करावे?

मधला मार्ग अशक्य नाही. आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कव्हर व्हर्शनसाठी तरतूद आहे. पाच वर्षांची मुदत उलटल्यावर ठरलेला मोबदला भरून जुने गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करता येते. मालकाची मर्जी राखावी लागत नाही. मूळ मुद्रण वापरण्याला मात्र ती लागू नाही. छोट्या तुकड्यांसाठी अशीच सोय करता येईल. नाव द्यावे, दाम द्यावे, पण हात जोडून परवानगी मागायला लावू नये.

शेफर यांची रेल्वे, बाऊहाऊसची रेषा, जेम्स ब्राऊन यांचा ताल हे सारे घेऊनच क्राफ्टवर्क मोठे झाले. त्यांनी ते आपले करून घेतले, यात त्यांची थोरवी आहे. तोच हक्क ब्राँक्सच्या, डेट्रॉइटच्या आणि फ्रँकफुर्टच्या मुलांनाही असला पाहिजे. संस्कृती ही वडिलोपार्जित मालमत्ता नव्हे. जो तिच्यात श्रम ओततो, तिला पुढे नेतो, तो तिचा वारसदार होय.