लेसोथोची १९९८ सालची निवडणूक : पुराव्याचा एक प्रश्न

कागद बनावट ठरणें आणि तो अस्सल असल्याचें सिद्ध न होणें या दोन गोष्टी भिन्न होत, हें जुन्या दप्तरांच्या संग्राहकांस सांगावयास नको. हा भेद एका राष्ट्रास केवढा महाग पडला, याचें उदाहरण दक्षिण आफ्रिकेनें चोहोंकडून वेढलेल्या लेसोथो या लहानशा राज्याच्या इतिहासांत आढळतें.

बासुटोलँड काँग्रेस पक्षांतून फुटून पंतप्रधान न्त्सू मोखेहले यांनीं १९९७ सालीं 'लेसोथो काँग्रेस फॉर डेमोक्रसी' हा पक्ष स्थापिला. ता. २३ मे १९९८ च्या पार्लमेंट-निवडणुकींत त्यास शेंकडा सुमारें ६१ मतें पडलीं. जागा मात्र ८० पैकीं ७९ मिळाल्या. शेंकडा २४ मतें मिळवूनहि बासोथो नॅशनल पक्षाच्या पदरीं एकच जागा आली. ज्यास सर्वांत अधिक मतें तोच त्या मतदारसंघाचा प्रतिनिधि, या ब्रिटिश पद्धतींत असें घडूं शकतें. तेवढ्यावरून लबाडीचें अनुमान निघत नाहीं. परंतु पराभूत पक्षांस ती लबाडीच वाटली व ऑगस्टांत त्यांच्या अनुयायांनीं मासेरू येथील राजवाड्यापुढें ठाण मांडलें.

मग दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ति पायस लांगा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली. सप्टेंबरांतील अहवालाचा निष्कर्ष दुहेरी होता. कांहीं विसंगति चिंताजनक होत्या व पडताळ्याचीं साधनें बिघडल्यानें संशयास पुष्कळ वाव राहिला होता. तथापि निवडणूक अवैध असल्याचें निर्णायकपणें सिद्ध झालें, असें म्हणतां येत नव्हतें. पूर्वार्ध विरोधकांच्या उपयोगाचा, उत्तरार्ध सरकारच्या. ता. २२ सप्टेंबर रोजीं सरकारच्या विनंतीवरून दक्षिण आफ्रिकेचें व त्यामागून बोट्स्वानाचें सैन्य आंत शिरलें. चकमकींत माणसें मेलीं. लुटालूट व जाळपोळ होऊन मासेरूची बाजारपेठ भस्मसात् झाली.

पुढें वाद शमला तो कागदांच्या बळावर नव्हे, तर पद्धति बदलल्यामुळें. २००२ च्या निवडणुकींत ८० मतदारसंघांस मतांच्या प्रमाणांत वांटावयाच्या ४० जागांची जोड मिळाली. त्या खेपेस बासोथो नॅशनल पक्षानें एकहि मतदारसंघ जिंकला नाहीं. पण मतांच्या प्रमाणानें त्यास २१ जागा लाभल्या.

मतदारांच्या याद्या, मतपत्रिका व मोजणीचे तक्ते यांची योग्यता आपण जपतों त्या सनदांहून कमी नव्हे. हें दप्तर विस्कळित झालें म्हणजे जेत्यास आपला जय सिद्ध करितां येत नाहीं आणि पराभूतास आपली तक्रारहि.