चार कोअरचं दशक

भाच्याचा फोन आला तेव्हा मी जुन्या कॅबिनेटची धूळ झटकत होतो. "मामा, गेमिंग आणि कॉलेजचं काम, दोन्हीला चालेल असा प्रोसेसर सांग ना. कोअर आय-फाइव्ह, कोअर फाइव्ह, का कोअर अल्ट्रा फाइव्ह?" तिन्ही नावं एकाच कंपनीची. सोसायटीतल्या निम्म्या घरांना वीस वर्षं प्रोसेसर सुचवणारा माणूस मी, आणि माझ्यावर "बघून सांगतो" म्हणायची वेळ आली.

मनात आधीच एक सल होता. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ची यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, अपवाद मोजकेच. माझ्या कॅबिनेटमध्ये बसलाय २०११चा आय-फाइव्ह २५००के, म्हणजे दुसरी पिढी. चौदा वर्षांत त्याने कधी कुरकुर केलेली नाही, पण यादीपुढे कुणाचं काय चालतं!

धूळ झटकता झटकता मन मागे गेलं. नव्वदच्या दशकात रमण्यासारखं फारसं नाही. ३८६ गेला, ४८६ आला, १९९३ला पेंटियम आला. दुकानदार देईल तो घ्यायचा आणि मेगाहर्ट्झ जास्त म्हणजे भारी समजायचं. याच समजुतीवर इंटेलने २००० साली पेंटियम ४ उभा केला: एका ठोक्यात काम कमी, पण ठोके पुष्कळ. एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ प्रत्यक्षात १.८३ गिगाहर्ट्झवरच धावायचा, म्हणून बिचाऱ्यांना नावातच मोठा आकडा घालून फिरावं लागलं. २००४च्या प्रेस्कॉट या पेंटियम ४ने तर उष्णतेचा कळस केला. जाहीर केलेला चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने त्याच वर्षी मागे घेतला. त्या काळात एक दुकानदार तोच प्रेस्कॉट माझ्या हातात ठेवून म्हणाला होता, "एएमडी नको साहेब, गरम होतं." त्याचं दुकान मी अजून विसरलेलो नाही.

माझं दशक सुरू झालं जुलै २००६मध्ये, कोअर टू ड्युओपासून. ठोके कमी झाले, काम वाढलं, आणि गिगाहर्ट्झचं भूत एकदाचं उतरलं. डोंबिवलीहून लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. पाच दुकानांत भाव विचारायचा, सहाव्यात घ्यायचा. बॉक्स पीस का ट्रे पीस, पक्कं बिल का कच्चं, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेलाच का वेगळा, यावर अर्धा तास घासाघीस. (आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे "फक्त सीपीयू हवाय" म्हटलं की नवखा पोऱ्या गोंधळायचा.) परतीच्या गाडीत मदरबोर्डचा खोका मांडीवर. घरी आल्यावर कूलरच्या चार पुश-पिना बसवायच्या. त्या दाबताना बोर्ड असा वाकायचा की घरचे स्वयंपाकघरातून डोकावायचे. चारदा "खट्" ऐकू आलं की जीव भांड्यात.

पण खरी मजा त्यानंतर. २००७चा पेंटियम ड्युअल-कोअर ई२१६० हा गरिबाचा चिप. १.८ गिगाहर्ट्झ म्हणजे मूळ घड्याळ २०० गुणिले गुणक ९. बायॉसमध्ये जाऊन त्या २००चे २६६ केले की झाले २.४. महागड्या भावंडाचा वेग स्वस्त चिपमध्ये, मोल फक्त एका रात्रीच्या जागरणाचं. एएमडीवाल्यांची लॉटरी वेगळी. २००९चा फेनॉम टू एक्स२ ५५० हा मुळात चार कोअरचा चिप, दोन बंद करून विकलेला. बोर्ड बरा आणि नशीब चांगलं असलं तर झोपलेले दोन्ही उठायचे. त्या दिवसांत निवड म्हणजे विद्या होती, आणि विद्या असलेल्याला पैसे कमी पडत.

मग जानेवारी २०११ला इंटेलचा सँडी ब्रिज आला. आय-फाइव्ह २५००के: चार कोअर, ३.३ गिगाहर्ट्झ, बऱ्या कूलरवर ४.५लाही हसत जाणारा. इतका चांगला चिप मी परत घेतला नाही. पण त्याच पिढीने आमचा खेळ मोडला. आता मूळ घड्याळ सगळ्या बोर्डाशी बांधलेलं, ते जरा हलवलं की बाकीचं कोसळणार. गुणक मोकळा हवा तर खोक्यावर 'के' अक्षर पाहिजे, सोबत महाग चिपसेटही. काल जे जागरण करून मिळत होतं ते आज बिलावर आलं. ज्याने हे केलं त्याच्याच प्रेमात मी पडलो, हेही मान्य करतो.

पुढची पाच-सहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. एएमडीचा बुलडोझर ऑक्टोबर २०११मध्येच तोंडावर आपटला होता, त्यामुळे इंटेलला घाई नव्हती. साध्या बाजारात वरचा चिप चार कोअरचाच, दर पिढीला चार-दोन टक्क्यांची भर, आणि सॉकेट ११५५, ११५०, ११५१. दरवेळी नवा बोर्ड. पातळ लॅपटॉपमधल्या आय-सेव्हनला दोनच कोअर असत, हे मी किती जणांना समजावलं याची गणती नाही. सातचा आकडा बघून लोक खुशीत असायचे.

२ मार्च २०१७ला एएमडीचा रायझन आला आणि एका दिवसात आठ कोअर सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलचे सहा कोअर 'सापडले', आणि कालचा आय-फाइव्ह आज आय-थ्री झाला. म्हणजे इतकी वर्षं जमत नव्हतं असं नाही, गरज वाटत नव्हती. माझा राग तेव्हापासूनचा. एएमडीने एएम४ सॉकेट मात्र चिवटपणे टिकवला. २०१७च्या अनेक बोर्डांवर बायॉस बदलून २०२२चा ५८००एक्स३डी बसतो, ९६ एमबी एल३ कॅशसकट.

आता नावांचा पसारा आहे. पेंटियम हे नाव इंटेलने मोडीत काढलं, 'आय' गाळला, 'अल्ट्रा' जोडला. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या चिप्सचं व्होल्टेजचं दुखणं २०२४मध्ये कंपनीनेच मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. वर एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव चढवून ठेवलेत. बायॉसमध्ये रात्र घालवून स्वस्त पडावं असं त्यातलं काहीच नाही.

भाच्याला दोन दिवसांनी फोन केला. "रायझन ५ ५६०० घे. सहा कोअर, ६५ वॉट. मित्राची जुनी डीडीआर४ रॅम चालेल. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल, गेम तिथे चालतात. आणि एसएमपीएसवर कंजूषी नको."

"मामा, तो तर २०२२चा आहे."

"माझा २०११चा आहे."

२५००केचा कूलर काढून थर्मल पेस्ट बदलली, लिनक्स मिंट टाकलं. आई त्यावर कीर्तनं बघते. चारही कोअर ४.२ गिगाहर्ट्झवर आहेत. कीर्तनाला एवढं लागत नाही, पण मी ते कमी केलेलं नाही.