डॉ. सखाराम अर्जुन: रुखमाबाईंचे सावत्र वडील, एवढीच ओळख का?

१५ सप्टेंबर १८८३. मुंबईच्या राणीबागेला लागून असलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ माणसे जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्माला आली. ही संस्था म्हटली की आपल्याला सलीम अली आठवतात, पण त्यांचा जन्म १८९६ चा. पहिल्या आठांत हिंदी माणसे दोनच होती आणि दोघेही मराठी डॉक्टर! एक आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. दुसरे सखाराम अर्जुन. हे दुसरे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

आणखी एक योगायोग ऐका. ज्या म्युझियममध्ये ही बैठक झाली, त्याला आता तिसऱ्याच मराठी डॉक्टरचे, भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. सखाराम अर्जुन १८३९ साली जन्मले, म्हणजे त्यांच्या नंतरच्या पिढीतले. पण पुढे त्याच कॉलेजात शिकवायला उभे राहिले.

सोसायटी सुरू झाली ती प्राणिजीवनाच्या नोंदी एकमेकांना सांगायच्या आणि नमुने दाखवायचे म्हणून. काही महिन्यांतच, जानेवारी १८८४ मध्ये, तिचा मुक्काम फोर्ब्ज स्ट्रीटवर हर्बर्ट फिप्सन यांच्या जागेत हलला. फिप्सन यांचा धंदा वाइनचा! सापांचे आणि पाखरांचे नमुने वाइनच्या व्यापाऱ्याच्या पेढीत जाऊन बसले.

प्राण्यांच्या त्या मेळ्यात सखाराम अर्जुन यांचा जीव मात्र झाडापाल्यात. ग्रँट मेडिकलमध्ये ते वनस्पतिशास्त्र शिकवत. डॉक्टरला वनस्पतिशास्त्र कशाला, असे आज वाटेल. पण तेव्हाची बरीचशी औषधे थेट पाने, साली, मुळ्या आणि बिया यांतूनच येत. झाड ओळखता आले नाही तर औषधही ओळखता येत नसे.

मुंबईच्या बाजाराची अडचण तर वेगळीच. मराठी, गुजराती, मुसलमान, गोव्याकडचे, सगळे एकाच शहरात. एकच मुळी चार दुकानांत चार नावांनी विकली जाई आणि कधी एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळत. औषधे विकणाऱ्या गांध्याच्या दुकानातल्या पुडीत नेमके काय आहे, हे कळणार कसे? १८७९ साली सखाराम अर्जुन यांनी मुंबईत मिळणाऱ्या औषधांची सूची छापली. वाळवलेला माल तर तिच्यात होताच, शिवाय ज्या वनस्पती ताज्या वापरल्या जातात त्यांचीही यादी जोडलेली. कोकणातल्या परसातून आणलेला पाला वाटून रस काढणारी आजीबाई त्यांनी वगळली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. विल्यम डायमॉक आणि सहकाऱ्यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा हिंदुस्थानी औषधींवरचा जाडजूड ग्रंथ उघडलात, तर या सूचीचे दाखले भेटतात.

आता त्यांच्या घरात डोकावू. तिथे जे घडले ते कुठल्याही पदवीपेक्षा मोठे आहे.

सखाराम अर्जुन यांनी जयंतीबाईंशी लग्न केले. जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरात एक मुलगी. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती, हे खरे. तरीही नवे घर मांडण्याआधी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता लेकीच्या नावावर केली. ती लेक म्हणजे रुखमाबाई.

रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजींशी लागले. जावयाने सासुरवाडीतच राहायचे, शिकायचे, माणूस म्हणून उभे राहायचे असे ठरले होते. शाळा काही दादाजींच्या पचनी पडली नाही. लग्नानंतर काही महिन्यांतच रुखमाबाई वयात आली. आता गर्भाधान, म्हणजे पतीशी शरीरसंबंधाची सुरुवात, व्हायला हवे, असा घरोघरचा शिरस्ता. सखाराम अर्जुन यांनी ते होऊ दिले नाही!

या नकाराचे वजन ध्यानात घ्या. त्या वेळच्या दंडविधानात संमतीवय होते फक्त दहा वर्षे. म्हणजे कायदा आडवा येणार नव्हता, समाज तर उलट घाई करत होता. कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने काय होते हे ठाऊक असलेल्या डॉक्टरने आपले ज्ञान आपल्याच उंबरठ्यावर वापरले. संमतीवय दहाचे बारा झाले ते १८९१ साली. सखाराम अर्जुन कायद्याच्या दीड दशक पुढे होते.

रुखमाबाई आईच्या आणि त्यांच्या घरी राहून वाचत गेली. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीला नांदायला पाठवा म्हणून कोर्ट गाठले. खटला पुढे गाजला, पण सखाराम अर्जुन यांना पहिला निकालही पाहता आला नाही. एप्रिल १८८५ मध्ये ते गेले; पन्नाशीही गाठली नव्हती. न्यायमूर्ती पिन्हे यांनी रुखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. अपिलानंतर वारे फिरले आणि १८८७ मध्ये हुकूम आला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रुखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या! १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला.

त्यानंतर रुखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोटच्या बायकांच्या इस्पितळांत त्यांनी आयुष्य वेचले. सखाराम अर्जुन यांनी कॉलेजात किती विद्यार्थी घडवले असतील ते असोत. त्यांच्या घरात वाढलेली ही डॉक्टर त्यांच्या शिकवणीचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

रुखमाबाईंवर धडे निघतात, चित्रपट निघतो, भाषणे होतात. निघायलाच हवीत. पण वर्गात हा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ‘सावत्र वडील’ एवढ्यावर थांबू नका. त्यांचे नाव सांगा, १८७९ ची सूची सांगा, आणि बारा वर्षांच्या मुलीसाठी ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर तेव्हा मुंबईत होता, हेही सांगा.