मुरुमांवरील चिनी जडीबुटी : पुरावा किती, धोका कोठे?

चिनी वैद्यकात चेहऱ्यावरील मुरुमांचे मूळ बहुधा फुफ्फुसातील 'उष्णते'त मानतात. त्यावरचा एक जुना काढा १७४२ सालच्या 'यीझोंग जिनज्यान' या राजदरबारी ग्रंथात आहे. लोकाटची पाने, तुतीच्या मुळाची साल, जिनसेंग, ज्येष्ठमध आणि हुआंगल्यान व हुआंगबाइ या दोन कडू, पिवळ्या जिनसा त्यात पडतात. या दोहोंत बर्बेरीन असते. आपल्या दारुहळदीतही तेच. प्रयोगशाळेत ते जंतूंची वाढ रोखते.

मात्र माणसाच्या चेहऱ्यावर गुण येतो का, हा प्रश्न वेगळा. २०१५ साली 'कॉक्रेन'च्या अभ्यासकांनी मुरुमांवरील पर्यायी उपचारांच्या ३५ चाचण्या तपासल्या. त्यांत ३,२२७ रुग्ण होते. अभ्यासकांत बीजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठाचे लोकही होते. जडीबुटी, ॲक्युपंक्चर किंवा हिजामा यांची शिफारस करावी इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. ही औषधे निरुपयोगीच आहेत, असा याचा अर्थ नव्हे. चाचण्याच कच्च्या होत्या.

एकच नाव, अनेक वनस्पती

व्यापाऱ्याने खरे जपायचे ते मालाला. 'मुतोंग' या नावाने चिनी बाजारात वेगवेगळ्या वेली विकल्या जात. त्यांतील 'ग्वान मुतोंग'मध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात, मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. चीनने २००३ साली ही वेल औषधांतून काढून टाकली. आपल्याकडील ईश्वरी आणि युनानीतील जरावंद याच कुळातली आहेत, हे अत्तार दुकानदारांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा धोका मलमांचा. लंडनमधील डॉक्टरांनी त्वचारोगांसाठी दिलेली ११ चिनी 'वनौषधी' मलमे तपासली, तेव्हा ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. हा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. स्टेरॉइडने लाली लगेच उतरते, पण पुढे त्वचा पातळ होते आणि मुरुमही उठतात.

दुकानदाराने काय करावे?

बिलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व बॅच क्रमांक मागावा, तपासणीचा दाखला घ्यावा. घटक न छापलेली डबी ठेवू नये. दोन दिवसांत चेहरा साफ करणाऱ्या मलमाचा आधी संशय घ्यावा. 'गॅरंटी'चा शब्द देऊ नये. गाठी, पू किंवा व्रण असलेल्या गिऱ्हाइकाला त्वचेच्या डॉक्टरकडे धाडावे. एका डबीचा नफा जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल.